नोकरांचा पगार आणि उचल: हिशेब कसा ठेवावा

कृषी सेवा केंद्र असो, दाळमिल असो की हार्डवेअरचं दुकान, चार-सहा माणसं हाताखाली असली की भांडण पगाराच्या आकड्यावरून क्वचितच होतं. होतं ते उचलीवरून, म्हणजे पगारापोटी आगाऊ घेतलेल्या पैशांवरून. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि उचलीशी थांबतो.

कामावर घेताना आधारची झेरॉक्स ठेवा, मूळ कार्ड तिथल्या तिथे परत करा. काम, पगार, वेळ आणि आठवड्याची सुट्टी एका कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा, एक प्रत त्याच्याकडे द्या. 14 वर्षांखालचं पोर उन्हाळ्याच्या सुट्टीतही कामाला ठेवू नका.

किमान वेतन तुमच्या उद्योगाचं आणि तुमच्या परिमंडळाचं (किमान वेतनासाठी ठरवलेल्या भागाचं) पाहा. त्यातला विशेष भत्ता (महागाईप्रमाणे बदलणारा भाग) जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा वर्षातून दोनदा दर तपासावाच लागतो. ‘आपल्या गावात हीच रोजी चालते’ हे उत्तर कामगार अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. तूर निवडायला बाया आणि गडी एकच काम करत असतील तर रोजीही एकच.

हजेरी रोजची रोज भरा. महिनाअखेरीस आठवून भरलेली हजेरी ओळखू येते, सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका ओळीत.

रोजाचा दर काढताना एकच भाजक धरा. 13,000 पगार भागिले 26 म्हणजे रोज 500. खाडा कापताना 26 ने भागायचं (500) आणि जादा कामाचा दर काढताना 30 ने (433), ही लबाडी आहे आणि माणसाला ती कळते. आठ तासांच्या रोजाला तासाचे 62.50, जादा तासाला दुप्पट म्हणजे 125. मृगाच्या पेरणीत दुकान रात्री दहापर्यंत उघडं राहतं, तेव्हाचे तास त्याच दिवशी लिहा.

आता उचल. ती मागितली जाते जूनमध्ये शाळेसाठी, मग पोळ्याला, मग दिवाळीला. दवाखान्याचं तर कधीही. द्यायला हरकत नाही. पण ‘उचल देऊन ठेवा, म्हणजे माणूस जात नाही’ हा सल्ला जो देतो त्याचं ऐकू नका. पैशाच्या बदल्यात कुणाला दुसरीकडे कामाला जाऊ न देणं ही वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्याने ती बंद केली असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाडव्याला सालगडी बांधायची जुनी रीत दुकानात आणू नका. कोरा स्टॅम्पपेपर, कोरा चेक, पासबुक, एटीएम कार्ड यांतलं काहीही ठेवून घेऊ नका.

उचलीची वही हजेरीच्या वहीपासून वेगळी ठेवा. माणसागणिक एक पान, पानावर सहा रकाने: तारीख, कारण, उचल, कपात, बाकी, सही. हीच नोंद एका कार्डावर त्याच्याजवळ असू द्या. अंगठा घ्यायचा असेल तर आकडा आधी मोठ्याने वाचा, त्याच्या ओळखीच्या माणसासमोर. खरा घोळ करतात ते पेट्रोलचे दोनशे आणि दुकानातून उधार नेलेलं सामान. तेही त्याच पानावर लिहा, गिऱ्हाइकाला लावता त्याच भावाने. फोनवरून पैसे पाठवताना शेऱ्यात ‘उचल’ किंवा ‘जुलै पगार’ लिहा. शेरा नसलेले दोन हजार सहा महिन्यांनी मालकाला उचल वाटतात आणि नोकराला पगार, आणि दोघंही शपथेवर सांगतात.

कपात देतानाच ठरवा. एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर जाऊ नये ही कायद्याची मर्यादा, पण तिथवर जाणारा हिशेब घर चालवू देत नाही. पगाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हप्ता ठेवा. 10,000 ची उचल, 1,250 चा हप्ता, आठ महिने. व्याज लावू नका. जुनी फिटल्याशिवाय नवी देऊ नका, दवाखाना सोडून.

हप्ता चालू असताना एखाद्या महिन्याचा चुकारा असा: 13,000, दोन खाड्यांचे 1,000 वजा, व्यवसाय कराचे 200 वजा (फेब्रुवारीत 300, बाईचा पगार 25,000 पर्यंत असेल तर हा कर नाही), हप्ता 1,250 वजा, हातात 10,550. ही फोड पावतीवर लिहून द्या.

फुटलेल्या बाटलीचे, उशिरा आल्याचे पैसे मनाने कापू नका. नुकसान कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त करता येत नाही. दंडाला तर त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांची मर्यादा आहे.

पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, बँकेतून. माणसं दहा झाली की ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) लागू, वीस झाली की पीएफ. हंगामी माणसंही त्यात मोजली जातात.

माणूस सोडून गेला तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब द्यावा लागतो. ‘आधी उचल फेड, मग पगार घे’ असं म्हणून महिना अडवून धरता येत नाही. शेवटच्या पगारातून नियमात बसेल तेवढी उचल वळती करा. उरली ती साधी उसनवारी. ती मागता येते, तिच्यासाठी कामाला थांबवता येत नाही. वहीच्या पानावर बाकीचा आकडा लिहून दोघांनी सही करा आणि कार्डावरही तोच आकडा टाका.