वाफा रिकामा व्हायची वाट बघू नका, पुढच्या सीझनची रोपं आत्ताच टाका

घरी भाजी लावणाऱ्या बहुतेकांचं एकच होतं, आहे ती भाजी संपली, वाफा उपटून मोकळा केला की मग बियाणं आणायला निघायचं, आणि तोवर ज्या हवेत रोप वाढायला हवं होतं त्यातला महिना गेलेला असतो. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची रोपं लावण्याजोगी व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणजे वाफ्यात जुनं उभं असतानाच ट्रेमध्ये बी पडलेलं पाहिजे.

तारखेपेक्षा हवा बघा. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, मटार ही थंडीची मंडळी, पालकाचं बी तर माती ३० अंशांच्या वर गेली की धड रुजतच नाही आणि कोथिंबीर उन्हाने लगेच फुलावर जाते. भेंडी, गवार, चवळी आणि सगळ्या वेलभाज्यांना मात्र गरम माती लागते, गार ओल्या मातीत भेंडीचं बी कुजून जातं. टोमॅटोचं झाड उन्हात मस्त हिरवं दिसतं, पण दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही गरमच राहिलं की फुलं गळतात, मग लोक खत ओतत बसतात. खतातला नायट्रोजन जास्त झाला की नुसती पानं माजतात हो, गरमी उतरेपर्यंत थांबा.

पालेभाजीचं अख्खं पाकीट एकदम टाकू नका. मी एकदा सगळी मेथी एकाच दिवशी पेरली, २५-३० दिवसांत सगळी एकदम काढायला आली, वाटूनही उरली आणि नंतर महिनाभर काही नाही. आता हातभर पट्टी, दर १०-१२ दिवसांनी. धने मात्र आधी हलके रगडून घ्या, एका धन्याच्या दोन फाका होतात आणि प्रत्येक फाकेत एक बी असतं. रात्रभर भिजवा, आणि खोल पुरू नका, बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर आली की बास.

पावसात नाजूक पालेभाजीच्या नादाला फारसं लागू नये असं माझं मत, सरीने चिखल उडतो नि पानं सडतात. त्यापेक्षा वाफा वीतभर उंच करून वेल मांडवावर चढवा. वेलाला आधी येतात ती बहुतेक नर फुलं, ती गळली म्हणून घाबरू नका, मादी फुलाच्या मागे बोटभर छोटं फळ लगेच दिसतं. मधमाश्या नसतील तर नर फूल तोडून हाताने मादी फुलाला टेकवायचं, काकडी-कारल्याला सकाळी, पण दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, हे माहीत नसल्याने बरेचजण सकाळी जाऊन मिटलेली फुलं बघत बसतात!

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच घरातले, त्यांच्या जागी परत त्यातलंच लावू नका, रोग मातीत राहतो. मध्ये चवळी-गवार घ्या आणि संपल्यावर उपटण्याऐवजी बुडाशी कापा, मुळं मातीतच राहू देत.

आणि ट्रेमधली रोपं थेट कडक उन्हात नको, आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून मग ऊन कललं की लावा.