डोंगरावरची कॅबरने: चाखायची कशी, ठेवायची किती

कॅलिफोर्नियातल्या नापाच्या नाहीतर सांताक्रूझच्या डोंगरावरची भारीतली कॅबरने, म्हणजे कॅबरने सोव्हिन्यों द्राक्षाची रेड वाईन, घरी आणायची, त्याच शनिवारी मंडळी जमली की उघडायची, आणि मग "एवढे पैसे मोजले आणि नुसती तुरट लागतेय" म्हणत ग्लास बाजूला सारायचा, हे बे एरियातल्या आपल्या मराठी घरांमध्ये मी इतक्यांदा बघितलंय की आता सविस्तर लिहितेच. त्यात वाईनचा काही दोष नसतो हो. डोंगरावरची रेड तरुणपणी आडमुठीच असते, तिला वेळ द्यावा लागतो, आणि किती द्यायचा हे लेबलवर लिहिलेलं नसतं, ते चाखूनच ओळखावं लागतं. चाखता आली की साठवायचं किती वर्षं याचा अंदाज त्यातूनच येतो.

आधी डोंगराने एवढा काय फरक पडतो ते बघू. नापा व्हॅलीच्या पश्चिमेला मायाकामासची रांग आहे, तिच्यावर माउंट व्हीडर, स्प्रिंग माउंटन आणि डायमंड माउंटन, आणि पूर्वेला वाकाची रांग, तिच्यावर हॉवेल माउंटन आणि ॲटलस पीक. लेबलवर नुसतं नापा व्हॅली लिहिलंय की यातलं एखादं नाव आहे हे दुकानात सगळ्यात आधी बघायचं. हॉवेल माउंटनला १९८३ मध्ये स्वतःचं वेगळं नाव मिळालं तेव्हा त्याची हद्द १४०० फुटांच्या वर आखली, कारण उन्हाळ्यात रात्री खाडीकडून येणारं धुकं साधारण त्याच्या खालीच अडतं. म्हणजे खाली व्हॅलीत सकाळी उशिरापर्यंत धुकं असतं तेव्हा वरच्या वेलींवर ऊन पडलेलं असतं, पण दुपारी वर खालच्यापेक्षा कमी तापतं आणि रात्री खालच्याइतकं गारही होत नाही. त्यात माती पातळ, खडकाळ, पाणी धरून न ठेवणारी, त्यामुळे द्राक्षं बारीक येतात आणि एकरी माल कमी निघतो. बारीक द्राक्षात रसाच्या मानाने सालं जास्त, आणि रंग नि टॅनिन (तोंडाला तुरट लागणारा अंश) येतं ते मुख्यतः सालांतून. म्हणून या वाईन्स गडद, तुरट आणि आंबटपणाला चांगल्या ताठ असतात, आणि याच तीन गोष्टींवर त्या पंधरा-वीस वर्षं टिकतात.

माझं स्वतःचं प्रेम मात्र नापापेक्षा सांताक्रूझच्या डोंगरावरच्या मॉन्टे बेलोवर जास्त आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. कुपर्टिनोत राहणाऱ्यांना तर घराच्या मागेच म्हणायचं, स्टीव्हन्स क्रीकच्या धरणापाशी वळलं की वळणावळणाचा रस्ता वर रिज वाईनरीपर्यंत जातो, आणि इथली द्राक्षं साधारण १३०० पासून २७०० फुटांपर्यंत लावलेली आहेत, खाली चुनखडी. १९७६ च्या पॅरिसच्या त्या गाजलेल्या ब्लाइंड टेस्टिंगमध्ये, म्हणजे लेबल झाकून चाखताना, रिजची १९७१ ची मॉन्टे बेलो पाचवी आली होती. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच जुन्या वाईन्स परत चाखल्या तेव्हा तीच पहिली आली. पाच वर्षांची असताना पाचवी आणि पस्तिसाव्या वर्षी पहिली, डोंगरावरच्या वाईनबद्दल जे सांगायचंय ते एवढ्यात आलं. किंमत दोनशे डॉलर्सच्या वर आहे, पण त्यांची इस्टेट कॅबरने त्याच डोंगरावरची, बऱ्याच कमी पैशात मिळते आणि लवकर पिण्याजोगी होते, सुरुवात तिच्यापासून करा.

खरेदी करताना वर्ष बघाच. नापात २०१३, २०१६, २०१८, २०१९ ही वर्षं चांगली, २०१३ च्या डोंगरावरच्या वाईन्स तर टॅनिनने इतक्या भरलेल्या की त्यांना घाई नकोच. २०११ थंड आणि पावसाचं होतं, २०२१ दुष्काळाचं, माल कमी पण उत्तम. २०२० ला मात्र जपून, त्या वर्षी ग्लास फायर नावाची वणव्याची आग स्प्रिंग माउंटन, डायमंड माउंटन आणि हॉवेल माउंटनपर्यंत पोचली होती आणि बऱ्याच जणांनी धुराच्या भीतीने रेड काढलीच नाही. धूर लागलेली वाईन नाकाला कधीकधी ठीक वाटते, पण गिळल्यावर मागे राखेची चव राहते, आणि ती ठेवून जात नाही.

आता चाखायचं. पहिली गोष्ट टेंपरेचर, आणि इथेच निम्म्या बाटल्या वाया जातात. रूम टेंपरेचरला द्यायची म्हणतात ते जुन्या थंड घरांचं, आपल्या हॉलमधलं चोवीस-पंचवीस डिग्री नव्हे. सोळा ते अठरा डिग्री पाहिजे, म्हणजे बाहेर ठेवलेली बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये टाकून मग उघडायची. गरम असली की अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी काही कळतच नाही. ग्लास मोठ्या पोटाचा, वर निमुळता, आणि एक तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. दहा वर्षांच्या आतली बाटली असेल तर दोन ते चार तास आधी डिकँटरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून असलेल्या रुंद काचेच्या भांड्यात) ओता, डिकँटर नसला तर काचेचा स्वच्छ जग चालतो, काही बिघडत नाही. नुसतं बूच काढून बाटली उघडी ठेवली तर फारसा उपयोग नाही, मानेत हवा लागणार ती केवढीशी.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. कडेपर्यंत जांभळा असला तर वाईन अजून लहान आहे, विटकरी झाक दिसायला लागली की वयात आली. मग आधी न हलवता वास घ्या, मग ग्लास फिरवून. काळ्या बेरीचे वास येतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आपण लहानपणी ब्लॅककरंट कुठे खाल्लंय, आपल्या नाकाला पिकलेलं जांभूळ, करवंद, तमालपत्र, लवंग, नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा भुसा, असंच आठवणार आणि तेच लिहून ठेवायचं. माउंट व्हीडरच्या वाईन्समध्ये मला तमालपत्र नि पाल्याचा वास हमखास येतो, हॉवेल माउंटनच्या वाईनमध्ये तापलेल्या दगडाचा आणि लोखंडासारखा. हिरव्या ढोबळी मिरचीचा थोडा वास आला तर घाबरू नका, कॅबरनेचा तो स्वभावच आहे, फार असला तर द्राक्षं कच्ची तोडलेली. भिजलेल्या रद्दीचा किंवा बुरशीचा वास आला तर मात्र बूच खराब निघालंय, ती बाटली दुकानात परत द्या, हवा दिल्याने तो वास जात नाही.

तोंडात घेतल्यावर फळाची चव बाजूला ठेवा, ती सगळ्यांनाच कळते. दोन गोष्टी शोधा. एक, टॅनिन कुठे लागतंय आणि कसं. फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहासारखं हिरड्यांना नुसतं ओढून धरत असेल, खरखरीत असेल, तर ते वर्षांनी मऊ होईलच असं नाही. पण भरपूर असूनही बारीक दळल्यासारखं असेल, सगळ्या तोंडभर सारखं पसरत असेल, तर ते चांगलं टॅनिन, त्याला वेळ दिला की ते सैल होतं. दोन, गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतंय का. सुटत असेल तर आंबटपणा शाबूत आहे, म्हणजे वय झाल्यावरही वाईन उभी राहील. पाणी सुटत नाही, नुसतं गोड-गोड जाडसर वाटतंय, घशात उष्णता लागतेय, लेबलवर साडेपंधरा टक्के अल्कोहोल, अशी बाटली कितीही महाग असली तरी मी ठेवत नाही, दोन-तीन वर्षांत पिऊन टाकते. हॉवेल माउंटनचे रँडी डन आपल्या वाईन्स चौदा टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी ओळखले जातात, आणि त्यांच्या जुन्या बाटल्या इतक्या वर्षांनी ताठ का असतात याचं एक कारण मला तेच वाटतं.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट. बाटली एका दिवसात संपवू नका. अर्धी प्या, उरलेलीला तेच बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून गारठा थोडा जाऊ द्या आणि परत चाखा, जमलं तर तिसऱ्या दिवशी पण. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापेक्षा छान लागली, नवीन वास यायला लागले, तर त्या वाईनला अजून बरीच वर्षं आहेत, उरलेल्या बाटल्यांना हात लावू नका. तेवढीच असेल तर पाचेक वर्षांत प्यायला घ्या. दुसऱ्याच दिवशी गळून गेली, मनुकांसारखी किंवा शिळी लागली, तर साठवायच्या भानगडीत पडू नका. हे काही पक्कं शास्त्र नाही, पण समीक्षकांनी दिलेल्या कुठल्याही पॉइंट्सपेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवते.

यासाठी अर्थातच एकच बाटली घेऊन भागत नाही. दहा वेगवेगळ्या भारी बाटल्या एकेक घेण्यापेक्षा एकाच वाईनच्या सहा घ्या, नाहीतर निदान तीन. एक आत्ता चाखायला, एक आठव्या वर्षी, एक बाराव्या, बाकीच्या पंधरा-वीसच्या पुढे. मध्येच एखादी उघडली आणि वास नाही, चव नाही, एकदम गप्प वाटली तरी निराश व्हायचं नाही, या वाईन्स काही वर्षं अशा मिटून बसतात आणि परत उघडतात. वहीत किंवा फोनमध्ये तारीख घालून दोन ओळी लिहा, आठ वर्षांनी तुम्हाला काहीही आठवणार नाहीये. आणि मॅग्नम परवडत असेल तर जरूर घ्या, दीड लिटरला आत हवा त्या मानाने कमी असते, त्यामुळे ती सावकाश वयात येते, अर्धी बाटली याच्या उलट, लवकर.

ठेवायचं कुठे? साधारण तेरा डिग्री, म्हणजे वाईन फ्रिजवर पंचावन्न फॅरेनहाइट, साठ-सत्तर टक्के दमटपणा, अंधार, आणि बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहतं. नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं. टेंपरेचर वरखाली होत राहिलं की आतली वाईन फुगते-आक्रसते, बूच ढिलं होतं, हवा आत जाते. म्हणून गॅरेज नको, सप्टेंबरच्या उकाड्यात तिथे काय होतं ते माहितीये सगळ्यांना. किचनमध्ये फ्रिजच्या वरची जागा तर मुळीच नको. जिन्याखालचं, बाहेरची भिंत नसलेलं कपाट तीन-चार वर्षांसाठी चालून जातं. त्याच्या पुढे ठेवायचं असेल तर कंप्रेसरवाला वाईन फ्रिज घ्या, आणि घेताना लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका, पन्नास बाटल्यांचा म्हणतात तो सडपातळ बाटल्यांचा हिशोब असतो, या जाडजूड बाटल्या चाळीसही बसत नाहीत. त्याहून जास्त झाल्या तर भाड्याने लॉकर देणारी वाईन स्टोरेजची गोदामं आहेत, विजेचं बिल आणि डोकेदुखी धरली तर ती महाग पडत नाहीत. वाईनरीकडून मागवताना उन्हाळ्यात पाठवू नका असं सांगा, बहुतेक जण ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ठेवून घेतात.

जुनी बाटली उघडायची असेल, वीसच्या पुढची, तर दोन दिवस आधी उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसतो. टॅनिन आणि रंग एकमेकांना चिकटून खाली बसतात तोच हा गाळ, वाईट काही नाही, पण तोंडात आला तर कडू लागतो. बूच मऊ झालेलं असतं, साध्या स्क्रूने ओढलं की मधोमध तुटतं, म्हणून दोन पात्यांचा ओपनर वापरायचा, आधी लांब पातं काच आणि बुचाच्या मध्ये सरकवायचं, मग आखूड, झुलवत झुलवत दोन्ही खाली न्यायची आणि फिरवत वर ओढायचं, जोर लावायचा नाही. मग बाटलीच्या मानेखाली फोनचा टॉर्च धरून एका दमात, न थांबता, सावकाश डिकँटरमध्ये ओता. मानेत काळपट धागा सरकताना दिसला की थांबा, शेवटचे दोन घोट बाटलीत राहू देत. आणि तरुण वाईनसारखी हिला तासन्‌तास हवा देऊ नका, लगेच ग्लासात घ्या, कारण जुने वास एका तासात उडून जायची शक्यता असते.

सोबत खायला फॅट आणि प्रोटीन पाहिजे, त्याने टॅनिन मऊ लागतं. तिखटाशी मात्र हिचं जमत नाही, मिरचीने अल्कोहोल जास्त जाळतं आणि तुरटपणा दुप्पट वाटतो, तेव्हा तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी करा. पांढरा रस्सा, मिरी-खोबऱ्यावरचं सुकं मटण, तव्यावर भाजलेल्या चॉप्स झकास लागतात. शाकाहारी घरात मशरूम, जुनं चेडर, किंवा मिरची न घालता केलेलं वांग्याचं भरीत, वर तूप. भरताचा धूर आणि दहा वर्षांची कॅबरने यांचं जे जमतं ते एकदा करून बघाच.

पुण्या-मुंबईला न्यायची असेल तर दोन लिटरपर्यंत कस्टम्सची ड्यूटी लागत नाही, म्हणजे साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्या, तिसरी घेतली की हद्द ओलांडली. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. तिकडे पोचल्यावर लगेच उघडू नका, दोन-तीन आठवडे स्वस्थ पडू दे, प्रवासाने वाईन विस्कटल्यासारखी लागते. आणि आई-बाबांना स्पष्ट सांगून ठेवा की ही माळ्यावर टाकायची नाही आणि शोकेसमध्येही उभी करायची नाही, एप्रिल-मेमध्ये माळ्यावर भट्टी होते आणि एकाच उन्हाळ्यात पंधरा वर्षांची वाईन शिजून जाते. तिकडे न्यायची ती तिथे असतानाच प्यायला न्या, साठवायच्या बाटल्या इकडेच राहू द्या.