ट्यूब माउंटवर नीट कशी बसवायची (गोव्यात नवीन टेलिस्कोप घेतलेल्यांसाठी)

नवीन टेलिस्कोपचा खोका उघडला की सगळ्यांना चंद्र बघायची घाई असते आणि मग काळोख पडत असताना मोबाइलची टॉर्च तोंडात धरून स्क्रू शोधत बसावं लागतं. म्हणून माझं पहिलं सांगणं, हे सगळं एकदा दुपारच्या उजेडात घराच्या बाल्कांवात (ओसरीवर) करून बघा, खाली गादी किंवा जाड चादर घाला. दोन-तीनदा ट्यूब, म्हणजे टेलिस्कोपची नळी, माउंटवर, म्हणजे तिला धरून फिरवणाऱ्या आधारावर, चढवली-उतरवली की हाताला सवय होते.

आता आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा. आजकालच्या बहुतेक ट्यूबच्या पोटाला एक ॲल्युमिनियमची लांब पट्टी असते, तिला डव्हटेल म्हणतात. आणि माउंटच्या डोक्यावर जी खाच असते आणि बाजूला एक-दोन मोठे स्क्रू असतात, ते सॅडल. पट्टीच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, खाली रुंद आणि वर अरुंद, त्यामुळे बाजूचा स्क्रू आवळला की पट्टी खाचेत आणखी घट्ट बसते, वर उचलून निघत नाही. जुने सुतार टेबलाच्या खणाला खिळा न मारता जोड द्यायचे ना, तीच युक्ती.

यात दोन मापं चालतात. लहान आणि मध्यम ट्यूबना व्हिक्सन, ही जपानी कंपनीच्या नावावरून पडलेली, साधारण 44 मिलिमीटर रुंद. मोठ्या जड ट्यूबना लॉस्मँडी, ती साधारण 75 मिलिमीटर. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, दोन्ही घेणारे सॅडल वेगळे मिळतात, तेव्हा ट्यूब एकीकडून आणि माउंट दुसरीकडून घेणार असाल तर आधी पट्टी मोजा.

काही ट्यूबना पट्टी थेट चिकटवलेली नसते, दोन गोल रिंगा असतात, आतून फेल्ट लावलेल्या, आणि पट्टी त्या रिंगांना खालून बोल्टने जोडायची. रिंग ट्यूबच्या बाहेरच्या व्यासाचीच लागते, सैल पडली म्हणून कापड कोंबू नका, ट्यूब आत घसरते. रिंगांचा एक मोठा फायदा असा की रिफ्लेक्टर (आरशाचा टेलिस्कोप) असेल तर रिंग जराशी सैल करून ट्यूब फिरवता येते आणि आयपीस (डोळा लावायचं भिंग) आपल्या डोळ्याच्या सोयीच्या जागी आणता येतो, पण हे करताना दुसरा हात ट्यूबवरून काढायचा नाही. अगदी लहान रिफ्रॅक्टरला (भिंगाच्या टेलिस्कोपला) कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडसारखा दोन सुती, म्हणजे पाव इंची स्क्रू असतो, जड सामानाला तीन सुती. एकाच स्क्रूवर बसलेली ट्यूब हळूहळू फिरून सैल होते, म्हणून मधूनमधून आवळत राहा.

एक प्रसंग सांगतो. केरीला एका रात्री मित्राने माझी ट्यूब चढवली, स्क्रू हाताला घट्ट लागला म्हणून सोडून दिला, पण पट्टी खाचेत तिरकी बसली होती आणि स्क्रू नुसता कडेवर टेकला होता. ट्यूब वर वळवली आणि ती मागे सरकायला लागली, मी खालून धरली म्हणून वाचली. तेव्हापासून माझा नियम, स्क्रू आवळल्यावर ट्यूब दोन्ही हातांनी धरून हलकेच पुढे-मागे हलवून बघायची, आणि पट्टीच्या टोकाला एक लहान आडवा स्क्रू असतो तो कधीच काढून ठेवायचा नाही, पट्टी घसरलीच तर तोच तिला अडवतो.

इक्वेटोरियल माउंट (ज्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखतात) असेल तर क्रम फार महत्त्वाचा. आधी ट्रायपॉड, मग माउंटचं डोकं, मग दांडी आणि काउंटरवेट (ट्यूबचा तोल साधणारं वजन), ट्यूब सगळ्यात शेवटी. उतरवताना उलट, ट्यूब आधी आणि वजन नंतर. वजन आधी काढलंत तर ट्यूबची बाजू एकदम खाली येते आणि ट्रायपॉडच्या पायावर आपटते. आयपीस, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) सगळं लावूनच तोल बघा, क्लच (अक्षाची पकड) सैल करून ट्यूब जिथे सोडाल तिथेच राहिली पाहिजे, नाहीतर काउंटरवेट दांडीवर वर-खाली किंवा पट्टी खाचेत पुढे-मागे सरकवा.

आणि आपल्या गोव्याची एक खास अडचण. आपण साधारण 15 अंश उत्तरेला आहोत, म्हणून ध्रुवतारा आकाशात फारच खाली दिसतो, माडांआड किंवा डोंगराआड जातो, आणि माउंटचा अक्षही जवळजवळ आडवा करावा लागतो. मग वजनाची दांडी उभी लटकते आणि काउंटरवेट ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आपटतं. जमत असेल तर ट्रायपॉड फिरवून उत्तर दोन पायांच्या मध्ये आणा, नाहीतर थोडं जास्त वजन लावून ते दांडीवर वर घ्या. काही माउंट 20 अंशांखाली जातच नाहीत, तिथे उत्तरेकडचा पाय (दोन असतील तर दोन्ही) थोडा आखूड करून भागतं, फक्त सगळं कलंडत नाही ना हे बघून घ्या.

हे सगळं नको असेल तर डॉब्सोनियन घ्या, मला स्वतःला सुरुवातीला तोच बरा वाटतो. जॉन डॉब्सन 1944 ते 1967 वेदान्त मठाचे संन्यासी होते, सॅन फ्रान्सिस्कोच्या मठात असतानाच त्यांनी आरसे घासून साध्या लाकडी पेटीतले टेलिस्कोप बनवायला सुरुवात केली. यात डव्हटेल नाही की वजन नाही, ट्यूबच्या दोन बाजूंना गोल बेअरिंग असतात, ती पेटीच्या खाचांमध्ये टेफ्लॉनच्या तुकड्यांवर नुसती ठेवायची, फक्त दोन्ही बाजू एकदम टेकवा.

आपल्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात, समुद्रावरून आल्यावर सॅडल आणि स्क्रू कोरड्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात ट्यूब उतरवून ठेवा. वाळूत ट्रायपॉड रुततो, पायांखाली लाद्यांचे तुकडे घाला. आणि प्रत्यक्ष बघायचं असेल तर टेलिस्कोप नेहमी वापरणाऱ्या जाणकारांना ट्यूब चढवताना एकदा जवळून बघा आणि स्क्रू हाताने आवळून बघायला मागा.