नीट यंदा द्यायची की पुढच्या वर्षी? ठरवताना या चुका टाळा

बारावी सायन्सची दिवाळी संपली की घराघरात हा विषय निघतोच, यंदा नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसायचं का सरळ एक वर्ष थांबून जोरात तयारी करायची. मामा एक सांगतो, क्लासवाले दुसरं सांगतात, शेजारच्या काकूंच्या भाच्याचं तिसरंच काहीतरी झालेलं असतं. मी दरवर्षी पोरांचे मॉक पेपर बघतो, फॉर्म भरताना बाजूला बसतो, आणि अभ्यास बरा असूनही हा निर्णय चुकीच्या महिन्यात घेतल्यामुळे वर्ष वाया गेलेली मुलं बरीच बघितलीयत. म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नीट-यूजी वर्षातून एकदाच होते, साधारण मेच्या पहिल्या रविवारी. 2023 ला 7 मे, 2024 ला 5 मे, 2025 ला 4 मे. म्हणजे हुकली की थेट पुढचा मे, मधे काही नाही.

"तयारी नाही, म्हणून फॉर्मच नको"

ही चूक मार्कांना घाबरणारी मुलं करतात आणि कधीकधी आईवडीलही साथ देतात, उगाच कमी मार्क पडले तर पोरगं खचेल म्हणून. अहो पण नीट कितीदा द्यायची याला मर्यादाच नाही. वरची वयाची अटसुद्धा 2022 मध्ये काढून टाकली. कमी मार्क पडले म्हणून पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही, भारतातल्या ॲडमिशनला तो स्कोअर त्या एका वर्षापुरताच चालतो. विदेशात एमबीबीएसला जायचं डोक्यात असेल तरी नीट क्वालिफाय व्हावंच लागतं, आणि त्यासाठी मात्र तो स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे बसलात तर फायदाच.

खर्च म्हणाल तर 2025 ला ओपनची फी 1700 रुपये होती, एससी-एसटीला 1000. मॉकच्या एखाद्या टेस्ट सिरीजपेक्षाही स्वस्त. आणि मेच्या उन्हात सेंटरबाहेर रांगेत उभं राहणं, दीडला गेट बंद होणं, दोन ते पाच सलग बसून 180 प्रश्न, त्यांनीच दिलेल्या पेनाने गोळे रंगवणं, हे कुठल्याही क्लासच्या एसी हॉलमध्ये शिकायला मिळत नाही.

फक्त वय बघा. ॲडमिशनच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण लागतात. लवकर शाळेत घातलेली मुलं इथे अडकतात आणि ते कळतं फॉर्म भरायच्या रात्री.

"पहिली तर ट्रायल आहे रे"

ही वरच्या चुकीची उलटी बाजू, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. डिसेंबरात कुणीतरी सहज बोलून जातं, यंदा होईल तेवढं होऊ दे, आपण रिपीट करूच. बोलणारा धीर द्यायला बोलतो. पण मुलगा त्याच दिवशी मनातून सुटतो. जानेवारीत रिव्हिजन ढिली, ऑरगॅनिक केमिस्ट्री "पुढच्या वर्षी बघू", बोर्डाच्या प्रॅक्टिकलचं निमित्त, आणि मेमध्ये पेपर देऊन आल्यावर त्याला स्वतःलाच माहीत नसतं की आपले खरे मार्क किती आले असते. मग रिपीटचा निर्णय घ्यायचा कशाच्या जोरावर? जो अटेम्प्ट पूर्ण ताकदीने दिलाच नाही त्याचा स्कोअर बघून काहीच कळत नाही. रिपीट हा शब्द रिझल्टपर्यंत घरात काढायचाच नाही, आजीला पण सांगून ठेवा.

तारीख बदलेल, पॅटर्न बदलेल याची वाट बघणं

2018 च्या जुलैत केंद्राकडून जाहीर झालं होतं की नीट वर्षातून दोनदा आणि कॉम्प्युटरवर होणार. ऑगस्टमध्ये ते मागे घेतलं. मधल्या काळात किती पोरांनी "मग मी दुसऱ्यांदाच देतो" असं ठरवलं असेल कुणास ठाऊक. 2024 ला त्याहून वाईट झालं, पेपरफुटीचा गोंधळ, परीक्षा रद्द होणार अशी हवा, आणि शेवटी फेरपरीक्षा झाली ती फक्त ग्रेस मार्कवाल्या 1563 जणांसाठी ठेवलेली, आणि 23 जुलैला सुप्रीम कोर्टाने सगळी परीक्षा रद्द करायला नकार दिला. जून-जुलै दोन महिने मुलं ना धड काउन्सेलिंगची, म्हणजे ॲडमिशनच्या राऊंडची, तयारी करत होती ना धड रिपीटची. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर प्लॅन करू नका, परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साईटवर नोटीस आली तरच ती बातमी, नाहीतर काल ठरलेला अभ्यास आज चालू.

मार्क बघून रिपीट ठरवणं

आता मुख्य मुद्दा, इथे जरा थांबून वाचा. रिझल्टच्या संध्याकाळी घरात रडारड असते आणि त्याच रात्री ठरतं की रिपीट, कारण मार्क "कमी" आले. कमी कशाच्या मानाने? गेल्या वर्षीच्या कटऑफच्या. पण दोन वर्षांचे मार्क एका तराजूत बसतच नाहीत. 2024 ला निकाल सुधारल्यानंतरही 720 पैकी 720 वाले 17 जण होते. 2025 ला फिजिक्स एवढं लांबलचक आलं की देशात पहिल्या आलेल्याला 686, आणि 650 च्या वर अख्ख्या भारतात 73 मुलं. 2024 चे आकडे समोर ठेवून ज्यांनी भिंतीवर टार्गेट चिकटवलं होतं त्यांना पेपर झाल्यावर वाटलं आपलं संपलं, प्रत्यक्षात रँक ठीकठाक होती. तेव्हा मार्क सोडा, रँक बघा. आणि नुसती ऑल इंडिया रँक नाही, राज्यातल्या ॲडमिशन बघणाऱ्या सीईटी सेलची मेरिट लिस्ट, तुमची कॅटेगरी, आणि मागच्या वर्षी शेवटच्या राऊंडला कुठलं कॉलेज कुठे बंद झालं ते. पहिल्या राऊंडचा कटऑफ बघून बरेच जण हाय खातात, तो पुढे खाली सरकतो.

बरं, रँक बघितली आणि खरंच लांब आहे, मग? तेव्हाही लगेच हो म्हणू नका, आधी पेपर उघडा. ओएमआरची, म्हणजे गोळे रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन कॉपी आणि आन्सर की एनटीए देतं, ती घेऊन बसा आणि वहीत तीन रकाने पाडा. येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळच उरला नाही. गेलेला प्रत्येक प्रश्न यापैकी एकात.

एका मुलीची अशी वही माझ्यासमोर होती. फिजिक्सचे 45 पैकी 31 सोडवलेले, 17 बरोबर, 14 चूक. बरोबरला चार, चुकीला वजा एक, म्हणून 68 वजा 14, म्हणजे हातात 54. घरचे म्हणत होते हिला फिजिक्स जमतच नाही, अजून मोठा क्लास लावू. वहीत काय निघालं, 14 चुकांपैकी न वाचलेल्या धड्यातल्या फक्त 4, बाकी कुठे युनिट बदलायचं राहिलं, कुठे "चुकीचं विधान ओळखा" ऐवजी बरोबर ओळखलं, आणि 3 तर शेवटच्या पाच मिनिटांतले तुक्के. आणि कोरे सोडलेले 14 प्रश्न जवळपास सगळे वेळेच्या रकान्यात, कारण बाईसाहेबांनी बायोलॉजीलाच सव्वातास घालवलेला. आता हिने पुन्हा पहिल्या धड्यापासून वर्षभर लेक्चर ऐकून काय होणार? तिला घड्याळ लावून, दुपारी दोन ते पाच याच वेळेत, पेपरवर पेपर हवे होते.

म्हणून साधा हिशोब. पहिला रकाना भरलेला असेल आणि कारण खरं असेल, म्हणजे आजारपण, उशिरा सुरुवात, स्टेट बोर्डाच्या पुस्तकातच वर्ष गेलं आणि एनसीईआरटीचं केंद्राचं पुस्तक उघडलंच नाही, तर एक वर्ष कामी येतं. दुसरा-तिसरा भरलेला असेल तर रिपीट करा, पण त्याच पद्धतीने नाही. आणि वर्षभर दिवसाचे दहा तास देऊनही पहिलाच रकाना भरलेला असेल तर घरात शांतपणे दुसरं बोलणं काढायची वेळ झाली, त्यात कमीपणा काही नाही.

कॅप (ॲडमिशनचे) राऊंड संपायच्या आधीच क्लासची फी

"आज भरा, चाळीस टक्के स्कॉलरशिप, उद्या नाही", हा फोन रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी येतोच. लातूर असो, नांदेड असो, कोटा असो, रिपीटर बॅच जून-जुलैत भरतात आणि राज्याचे राऊंड दिवाळीपर्यंत ओढले जातात, त्यामुळे लोक दोन्हीकडून फसतात. काहीजण फी भरून बसतात आणि राऊंडमध्ये प्रेफरन्स, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रमच भरत नाहीत. काहीजण शेवटच्या राऊंडपर्यंत नुसते मोबाईल रिफ्रेश करत बसतात आणि नोव्हेंबर उजाडतो. करायचं असं की अभ्यास जूनपासून सुरू आणि राऊंडपण चालू, फी हप्त्याने, रिफंडची अट कागदावर लिहून घेऊन.

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी यांनाही इथे नीटच चालते, तेव्हा यातलं काय मिळालं तर ते घेऊन रिपीट सोडू आणि काय मिळालं तरी रिपीटच करू हे प्रेफरन्स भरायच्या आधी ठरवा. सीट घेऊन मग सोडली की दंड आणि ओरिजिनल कागद अडकणं आलंच. ऑल इंडिया कोट्याच्या (देशपातळीवर भरल्या जाणाऱ्या सीटांच्या) स्ट्रे राऊंडला, म्हणजे उरलेल्या सीटांच्या शेवटच्या राऊंडला, मिळालेली सीट जॉईन केली नाही तर डिपॉझिट तर जातंच, वर पुढच्या वर्षीच्या नीटला बसता येत नाही. म्हणजे रिपीट करायचं म्हणून सीट सोडली आणि रिपीटच बंद. माहितीपुस्तिका कंटाळवाणी असते, तरी हे पान वाचा.

बोर्ड आणि कागद

थोडक्यात सांगतो. फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ओपनला 300 पैकी 150, आरक्षित प्रवर्गाला 120 लागतात. नीटला छान रँक आणि बोर्डाला 146, अशी मुलं असतात, मग श्रेणीसुधारचा फॉर्म भरा आणि नाईलाजाने वर्ष घाला. रिपीट करणाऱ्यांनी जुना बोर्डाचा टोटल आधी मोजून घ्यावा.

फॉर्म भरताना पेपरची भाषा मराठी निवडली की नंतर बदलत नाही. मराठी पेपरसोबत इंग्रजी प्रश्नही छापलेले असतात आणि वाद झाला तर इंग्रजीच धरतात, तेव्हा टर्म दोन्हीकडच्या माहीत हव्यात.

जातपडताळणी, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल हे रिपीटच्या वर्षात ऑगस्टलाच काढायला टाका. ओबीसींना ऑल इंडिया कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, राज्याचं तिथे चालत नाही, आणि सेतू केंद्रात नुसतं "नॉन क्रिमीलेअर द्या" म्हटलं की राज्याचंच हातात पडतं. मधे गेलेल्या वर्षाचं, म्हणजे गॅपचं ॲफिडेव्हिटही त्याच चकरेत करून टाका, जूनमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.