प्रिसेट बदलला की आवाज उडी का मारतो? गिटार मॉडेलरची पातळी जुळवण्याची रीत

मॉडेलर म्हणजे अँप आणि इफेक्टची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, आणि प्रिसेट म्हणजे त्यात साठवलेला तयार टोन. क्लीन, म्हणजे न फाटलेल्या टोनवर कडवं संपतं, तुम्ही फूटस्विच दाबता आणि क्रंचचा, म्हणजे थोड्या फाटलेल्या आवाजाचा प्रिसेट एकदम अंगावर येतो. पुढच्या लीडला (सोलोला) नेमकं उलटं: बोटं जीव तोडून चालतात, पण ड्रमच्या पलीकडे गिटार पोचतच नाही. हे प्रिसेट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या आवाजात, काही तर हेडफोनवर बनलेले असतात. ते एका बैठकीत जुळवता येतात, मात्र क्रम पाळायला हवा.

आधी बाकीचं सगळं स्थिर करा. गिटार एकच, पिकअप एकच, स्पीकर तोच. दोन कॉइलचा हंबकर पिकअप साधारणपणे सिंगल कॉइलपेक्षा जोरात वाजतो, त्यामुळे मध्येच गिटार बदलली तर तोपर्यंतची मेहनत वाया जाते. मॉडेलरवरचं मुख्य व्हॉल्यूमचं बटण एका जागी ठेवा आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू नका.

आवाज किती ठेवायचा? बँडबरोबर वाजवताना असतो तितका, किंवा शक्य तितका त्याच्या जवळ. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं की कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की तो भरून येतो. म्हणूनच रात्री हळू आवाजात जुळवलेल्या दोन प्रिसेटपैकी ज्यात खर्ज जास्त, तो स्टेजवर दुसऱ्याला झाकून टाकतो. तुमचा कान रात्री चुकलेला नसतो, तो त्या आवाजापुरता बरोबरच असतो.

सुरुवात सर्वांत स्वच्छ प्रिसेटपासून करा. ही पायरी बहुतेक जण चुकवतात. क्लीन टोनमध्ये पिकचा प्रत्येक फटका सरासरी पातळीच्या बराच वर उसळतो. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, ही शिखरं छाटून टाकतं, त्यामुळे तिथे सरासरी आणि शिखर जवळजवळ येतात. मीटरवर दोघांचं शिखर सारखं दिसलं तरी डिस्टॉर्शनवालाच मोठा ऐकू येतो. त्याला गाठायला क्लीन वर ढकलत गेलात, तर त्याची शिखरं डिजिटल छताला आदळतात आणि कानाला टोचणारी फाट ऐकू येते. म्हणून क्लीनवर जोरात स्ट्रम करा, शिखर त्या छताच्या, म्हणजे मीटरवरच्या शून्याच्या, निदान ६ डेसिबल खाली राहील इतकी पातळी ठेवा आणि बाकीचे प्रिसेट त्याच्यापर्यंत खाली आणा.

योग्य बटण फिरवा. गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारं बटण) नको, कारण त्याने टोनच बदलतो. अँपच्या मॉडेलमधलं मास्टरही नको. बऱ्याच मॉडेलमध्ये ते पॉवर अँपवर किती भार पडतो हे ठरवतं. लाइन ६ कंपनीच्या हेलिक्स या मॉडेलरच्या अँप ब्लॉकमधलं चॅनल व्हॉल्यूम टोनला धक्का न लावता फक्त पातळी बदलतं. इतर मॉडेलरांत ते बहुधा लेव्हल नावाने असतं. साखळीच्या शेवटी आउटपुट ब्लॉकची पातळीही असते. मी दोघांची कामं वाटून दिली आहेत: दोन प्रिसेटमधला फरक आउटपुट ब्लॉकवर आणि एकाच प्रिसेटमधल्या स्नॅपशॉटचा (त्यात साठवलेल्या वेगवेगळ्या सेटिंगचा) फरक चॅनल व्हॉल्यूमवर. असं ठरवलं नाही तर महिन्याभराने काय कुठे फिरवलं होतं ते सापडत नाही.

प्रत्येक प्रिसेटला तेच वादन ऐकवा. टोन बदलला की हात आपोआप वेगळा पडतो. म्हणून कोरडी, इफेक्ट नसलेली गिटार यूएसबीवरून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा: चार मात्रांचे कॉर्ड, थोडी पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं), बारीक तारांवरच्या काही जागा. तेच रेकॉर्डिंग परत मॉडेलरमध्ये सोडा आणि येणारा आवाज एलयूएफएस मीटरवर बघा. हा मीटर शिखर न बघता कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या जवळचा आकडा देतो. त्यातला शॉर्ट टर्म आकडा तीन सेकंदांच्या खिडकीवर चालतो. तोच धरा आणि सगळे प्रिसेट एका युनिटच्या आत आणा. कॉम्प्युटर नसेल तर एकच रिफ शक्य तितक्या सारख्या जोराने वाजवत राहा.

आता मीटर बंद करून ड्रम आणि बेसचा बॅकिंग ट्रॅक लावा. खरा निकाल इथे लागतो. मिड कापलेला मेटल टोन मीटरवर बरोबरीचा असतो, पण ड्रम सुरू झाले की विरघळतो. अशा वेळी व्हॉल्यूम वाढवण्याचा मोह आवरा. आधी ५०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या भागात थोडा मिड परत द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने गिटार पुढे येते. उरलेला फरक अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने मिटवा, स्क्रीनकडे न बघता.

लीडसाठी ३ डेसिबलपासून सुरुवात करा, कमी वाटलं तर ४-५ पर्यंत जा. १० डेसिबलला आवाज जवळपास दुप्पट भासतो, त्यामुळे ४-५ हून जास्त सहसा लागत नाही. हा बूस्ट अँपच्या नंतर लावा. आधी लावला तर आधीच फाटलेला अँप आणखी फाटतो आणि पातळी जेमतेम वाढते.

स्टिरिओ कोरस किंवा डबलर असलेले प्रिसेट एकदा मोनोमध्ये ऐका. दोन बाजू एकत्र आल्या की त्या एकमेकींना कापू शकतात आणि घरी रुंद वाटलेला टोन मोनो साउंड सिस्टिमवर बारीक होतो.

पाऊण तासाने कान थकतात, तेव्हा सेव्ह करून थांबा. दुसऱ्या दिवशी सगळे प्रिसेट पुन्हा एकदा ओळीने वाजवून बघा. पुढे नवा प्रिसेट केलात की तो त्याच क्लीन प्रिसेटशेजारी ठेवून जुळवा.