जीपच्या डॅशबोर्डाखाली शिरण्याआधी

जुन्या लष्करी जीपचे काटे रात्री दिसत नाहीत म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खिशात एलईडी बल्बचं पाकीट घेऊनच आलेला असतो. ते पाकीट आधी टूलबॉक्सवर ठेवून द्या. त्याची पाळी शेवटी येईल, कदाचित येणारही नाही.

इथे जीप म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी किंवा तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीत, निघालेल्या या गाड्यांपैकी काही आजही आपल्याकडे जिवंत आहेत. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जुळवलेल्या जीप दिसायला जवळच्या असल्या तरी त्यांचं वायरिंग वेगळं, त्यामुळे हे सगळं त्यांना जसंच्या तसं लावू नका. विलीजच्या गेजच्या, म्हणजे डॅशवरच्या काट्यांच्या डब्यांच्या, आत दिवा नसतो. बाहेर, डॅशच्या पत्र्यावर, टोपडं घातलेले दोन छोटे दिवे असतात आणि ते डायलवर तिरका उजेड टाकतात. टोपडं हौसेपायी नाही. ब्लॅकआउटमध्ये उजेड गाडीबाहेर जाऊ नये म्हणून ते आहे. तेव्हा नव्या गाडीसारखा लखलखाट हवा असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. काटा कुठे आहे ते कळलं, की काम झालं.

आधी गाडी किती व्होल्टची आहे ते बघा. कारखान्यातून ती सहा व्होल्टची, निगेटिव्ह अर्थची (बॅटरीचं ऋण टोक चासीला जोडलेली) निघाली. पण ऐंशी वर्षांत कोणत्या गॅरेजमध्ये काय झालं असेल, सांगता येत नाही. बॅटरीवर तीन बुचं असतील तर सहा, सहा असतील तर बारा. सीलबंद बॅटरी असेल तर मल्टिमीटर लावा. मीटर हातात आहेच, तर बॅटरीचं कोणतं टोक चासीला गेलंय तेही बघून घ्या. साध्या बल्बला उलटसुलट काही कळत नाही, एलईडीला कळतं. गाडी बाराची झाली असेल तर मूळचा ५१ नंबरचा बल्ब (७.५ व्होल्ट, ०.२२ अँपिअर) लावताक्षणी उडेल. त्याच टोपीचा (होल्डरमध्ये बसणाऱ्या बुडाचा) ५३ नंबरचा लागेल. आणि पेट्रोलचा काटा सहाचाच ठेवून वर बारा सोडलेले असतील, तर दिव्यांचं राहू द्या, आधी तो वाचवा.

आता खरी तपासणी. ती करताना बल्ब पेटलेला हवा. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर खुपसला तर गंजलेला सांधासुद्धा पूर्ण सहा व्होल्ट दाखवतो, कारण प्रवाहच वाहत नाही. दिवा लावा, बॅटरीवर किती आहे ते टिपा, मग होल्डरच्या वायरीवर किती पोचतंय ते बघा. त्यानंतर मीटरचं एक टोक टोपड्याच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावा. तिथे शून्याच्या आसपास यायला हवं. माझ्या गाडीत तिथेच जवळपास एक व्होल्ट अडकला होता आणि वायर-स्विचमधली गळती धरून बल्बच्या वाट्याला सहापैकी ४.८ येत होते. वीस टक्के कमी, म्हणजे उजेडही वीस टक्के कमी, असं नसतं. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. ४.८ व्होल्टला तो निम्म्याच्याही खाली उतरतो. सहा व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट खाणारा सांधा म्हणजे घरात बसलेला सावकार.

सावकार बहुतेक वेळा रंगात लपलेला असतो. दिव्याचा अर्थ वायरीने जात नाही, दिव्याच्या अंगातून डॅशच्या पत्र्यात जातो. आणि आपण काय करतो? दर दोन-तीन पावसाळ्यांनी ऑलिव्ह ग्रीनचा नवा हात मारतो आणि दिवे त्या रंगावरच कसतो. माझ्या डॅशवर खरवडताना चार थर निघाले, त्यातला एक तर निळा होता. (लष्करी जीप निळी कुणी केली असेल, देव जाणे.) तेव्हा यादीत चारशे नंबरचा पॉलिश पेपर, पितळी ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि दातेरी वॉशर लिहा. दातेरी वॉशर रंग फोडून पत्र्यात रुततो. ही युक्ती लष्कराचीच. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून ज्या गाड्यांची खास व्यवस्था केलेली असे, त्यांच्या बॉनेटवरच्या नंबराच्या शेवटी इंग्रजी ‘एस’ अक्षर असायचं, आणि त्या व्यवस्थेत असे वॉशर नि विणलेल्या तारेचे पट्टे जागोजागी असत. तुमच्या गाडीवर ते उरले असतील तर गंजले म्हणून फेकू नका.

हात आत घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची केबल काढायची. उगाच बजावत नाही. अॅमीटरच्या, म्हणजे करंट दाखवणाऱ्या गेजच्या, दोन्ही टोकांवर बॅटरीचा करंट जाड वायरीने थेट येतो, मध्ये फ्यूज नाही. एका रविवारी ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणून मी केबल तशीच ठेवली आणि गेजच्या मागचा नट सोडवायला गेलो. पाना एका बाजूने अॅमीटरच्या बोल्टला लागला, दुसऱ्या बाजूने पत्र्याला, आणि तिथेच चिकटला. निळी ठिणगी, जळक्या रंगाचा वास, आणि मी ज्या सीटला डोकं टेकून पडलो होतो तिच्या खाली पेट्रोलची टाकी. विलीजची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, सत्तावन लिटरची. तो पाना अजून आहे माझ्याकडे, जबड्यावर वाटाण्याएवढा खळगा पडलेला. तेव्हा केबल काढा, अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ उतरवा, टाकीचं झाकण घट्ट आहे का बघा. उजेडाला बॅटरीवरचा टॉर्च घ्या. वायर लोंबणारा हॅलोजन नको.

पाने सुताचे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लागतात, मिलिमीटरचे नाहीत. तीन सूत, साडेतीन सूत, चार सूत एवढ्यात बहुतेक भागतं. स्वच्छतेसाठी गेज बाहेर काढावेच लागले तर प्रत्येक गेज मागून एका पट्टीने आणि नटांनी धरलेला असतो, त्यामुळे पुढून गेज धरायला दुसरा माणूस हवा. स्पीडोमीटरची केबल आधी सोडवा. ऑइल प्रेशरची नळी सोडवली की दोन-चार थेंब तेल गळणार, खाली चिंधी धरा. तापमानाच्या गेजला मात्र हात लावू नका. त्याची बारीक तांब्याची नळी थेट इंजिनपर्यंत एकसंध गेलेली असते आणि आत भरलेला द्रव हाच त्याचा जीव. नळीला चीर गेली की काटा कायमचा झोपला. साफसफाई त्याच्या आजूबाजूने करा.

गेजची काच उघडण्याचा मोह होईल. उघडू नका. काही जुन्या लष्करी गेजच्या आकड्यांवर रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी, रंग असे. तो आता चमकत नाही म्हणून तो मेला, असं समजण्यात चूक होते. मेलेला असतो तो चमकणारा झिंक सल्फाइड. रेडियम तसाच आहे, त्याला निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. बंद काचेआड तो गप्प बसतो. खरवडला की धूळ होते, आणि ती धूळ नाकातोंडात जाणं वाईट. आकडे पिवळट-तपकिरी, फुगीर, तडकलेले दिसले तर गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) असलेला कुणी ओळखीतला गाठा. तोवर ब्रश, पॉलिश पेपर, फुंकर, काही नाही.

एवढं करून दिवा लावून बघा. माझं काम इथेच संपलं होतं, साध्या बल्बवर. तरी एलईडी घालायचाच असेल तर आता ते पाकीट उघडा. टोपी नऊ मिलिमीटरची दोन पिनांची, म्हणजे बीए९एस. त्यावर सहा व्होल्ट छापलंय का ते बघा. बाराचा एलईडी सहावर मिणमिणतो किंवा लागतच नाही. ‘कसाही लावा, चालतो’ असं लिहिलेल्या बल्बच्या आत चार डायोडांचा (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) पूल असतो आणि प्रवाह एका वेळी त्यातल्या दोघांतून जातो. तिथे सव्वा-दीड व्होल्ट जातात. बारा व्होल्टच्या गाडीत ते जाणवत नाही. सहाच्या गाडीत इंजिन आयडलिंगला आलं की दिवे डुलक्या घेतात. म्हणून निगेटिव्ह अर्थसाठीच बनवलेला, आत रेग्युलेटर (व्होल्टेज हललं तरी उजेड स्थिर ठेवणारा भाग) असलेला घ्या. दुसरं म्हणजे उजेड कुठून पडतो ते पाहा. टोपड्यातून उजेड बाजूने बाहेर पडतो. ज्याचा एकच चिप, म्हणजे उजेड देणारा ठिपका, टोकावर आहे असा बल्ब टोपड्याच्या आतल्या भिंतीलाच उजळवतो आणि डायल अंधारात राहतो. चहूबाजूंनी चिप असलेला हवा. लांबी जुन्या बल्बशेजारी ठेवून ताडून पाहा, नाहीतर टोपडं बसणार नाही. हे पुण्यात नाना पेठेत दहा दुकानं हिंडून मिळालं तर मिळालं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नशीब जास्त चांगलं.

रंग सत्तावीसशे केल्व्हिनच्या आसपासचा, कोमट पिवळा. पांढराशुभ्र सहा हजाराचा लावला की डॅश मेडिकलच्या दुकानासारखा दिसतो. लालची शिफारस बरेच जण करतात, आणि तिच्यामागचं शास्त्र खरं आहे. डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मंद लाल उजेड ते सरावणं फारसं मोडत नाही. पण समोरून येणाऱ्या ट्रकचा अपर डोळ्यांत शिरल्यावर त्या शास्त्राचं काय उरतं? मला विचाराल तर पिवळाच.

किरकोळ सामान सांगून टाकतो: एक चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा), श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), पत्र्यातल्या भोकांसाठी रबरी ग्रोमेट, चिकटपट्टी आणि पेन. प्रत्येक वायर सोडवण्याआधी तिच्यावर चिठ्ठी, आणि मोबाइलवर फोटो. दोन्ही. जुन्या कापडी वायरींचे रंग इतके उडालेले असतात की फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात.

मुहूर्त पावसाळ्यानंतरचा, कोरड्या हवेचा धरा. आणि शेवटची चाचणी रात्रीच, गाडी अंधारात उभी करून घ्या: इंजिन चालू, आधी आयडलिंगला, मग थोडा रेस देऊन. दिवे लुकलुकतायत का बघा, विंडशील्डच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब पडतंय का बघा. पडत असेल तर टोपडं जरा खाली फिरवा. काढलेले जुने बल्ब कापसात गुंडाळून सीटखालच्या डबीत ठेवा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली ‘व्हीए’ नंबरची वेगळी नोंदणी आली, तिच्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. बल्बवरून कुणी अडवणार नाही, पण मागितलाच तर डबीत असलेला बरा.