माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अभ्यासाची तयारी

सर्वप्रथम आपल्या हातातील प्रत कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहे ते पाहावे आणि ती तारीख पहिल्याच पानावर लिहून ठेवावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ च्या सुधारणा अधिनियमाने त्याचा चेहरामोहरा बदलला आणि ती सुधारणा २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. २०१७ च्या वित्त अधिनियमाने सायबर अपील न्यायाधिकरणाचे काम दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाकडे गेले. आणि २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने अनेक कलमांतील शिक्षा व दंड बदलले. अप्पा बळवंत चौकातून जुने पुस्तक स्वस्तात मिळाले असेल तर त्यातील विवेचन अवश्य वाचावे, परंतु कलमाचा मजकूर मात्र इंडिया कोड या शासकीय संकेतस्थळावरूनच घ्यावा.

ही सावधगिरी का हवी, हे आक्षेपार्ह संदेश ऑनलाइन पाठवणे गुन्हा ठरवणाऱ्या कलम ६६अ वरून कळते, म्हणून या कलमासाठी वहीत स्वतंत्र पान राखावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंद असताना, त्याविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि ते मत केवळ पसंत करणारी तिची मैत्रीण या दोघींना पालघरमध्ये अटक झाली. त्या घटनेनंतर श्रेया सिंघल यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले, कारण ‘त्रासदायक’, ‘अतिशय आक्षेपार्ह’ अशा शब्दांना निश्चित सीमाच नव्हती आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घालता येणाऱ्या, घटनेच्या अनुच्छेद १९(२) मधील कोणत्याही निर्बंधात ते बसत नव्हते. तरीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे निकालानंतर साडेसात वर्षांनी, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. कलम पुस्तकात छापलेले आहे म्हणून ते जिवंत आहे असे मानल्यामुळे माणसे कोठडीत गेली, याची जाणीव अभ्यासकाला पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. त्यामुळे प्रत्येक कलमासमोर ‘लागू’, ‘रद्द’, ‘स्थगित’ किंवा ‘अद्याप लागू व्हायचे’ यांपैकी एक नोंद असावी, असा माझा आग्रह आहे.

त्यानंतर कलम २ मधील व्याख्या शांतपणे वाचाव्यात. ‘संगणक’, ‘संगणक साधनसंपत्ती’, ‘इलेक्ट्रॉनिक अभिलेख’ आणि ‘मध्यस्थ’ (म्हणजे इतरांचा मजकूर साठवणारा किंवा पोहोचवणारा, उदा. फेसबुक) या चार व्याख्या पक्क्या झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. मग कलम ४३ आणि कलम ६६ शेजारी शेजारी ठेवावीत. नोकरी सोडताना एखाद्या कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, हे उदाहरण घेतले तर कलम ४३ खाली नुकसानभरपाईची मागणी होते. पाच कोटी रुपयांपर्यंतची अशी मागणी अभिनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे जाते आणि त्या अधिकारक्षेत्रात दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ खाली तो फौजदारी गुन्हा होतो, त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद आहे आणि त्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याला करता येत नाही. कृत्य एक, दरवाजे दोन, आणि फरक फक्त हेतूचा. परीक्षेत आणि वकिलीतही सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून निदान पाच काल्पनिक प्रसंग स्वतः रचून सोडवावेत.

पहिली अनुसूची, म्हणजे हा कायदा ज्यांना लागू नाही अशा दस्तऐवजांची यादी, दहा मिनिटांत वाचून होते, पण टाळू नये. मृत्युपत्र आजही या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे; स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार मात्र २६ सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने त्या यादीतून वगळला गेला आहे.

मध्यस्थांच्या दायित्वासाठी कलम ७९ आणि २०२१ चे नियम एकत्र वाचावेत, कारण नियमांतील दक्षता पाळली तरच इतरांच्या मजकुराच्या दायित्वापासून कलमातील संरक्षण मिळते. बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ झाल्यावरही तो न हटवल्यास हे संरक्षण जाते; मध्यस्थाला अशी माहिती झाली असे केव्हा म्हणायचे, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत नसून श्रेया सिंघल निकालात आहे: न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची सूचना मिळाल्यावरच. मुंबई उच्च न्यायालयाचा, विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या प्रकरणातील निकालही मुळातून वाचावा. केंद्र शासनाच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार शासनाच्याच सत्यशोधन कक्षाला देणाऱ्या २०२३ च्या दुरुस्तीवर जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले. दोन्ही बाजूंची कारणे एकाच वहीत समोरासमोर लिहिण्यासारखा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

पुराव्याचा भाग अनेकजण शेवटी ढकलतात. तो तसा ढकलू नये. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीतील उमेदवारी अर्ज मुदतीत आला की दुपारी तीननंतर, या प्रश्नाचे होते आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाच्या सीडींचा. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कसा तयार झाला हे सांगणारे प्रमाणपत्र जोडावे लागते; वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र ते मिळवण्यासाठी सर्व प्रयत्न करूनही अधिकारी नकार देत असतील तर पक्षकाराचा बळी जाऊ नये. हा निकाल जुन्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६५ब वरचा आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली असून आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ओळखक्रमांक, नमूद करायचे आहे. संगणकावर एखाद्या फाइलचे हॅश मूल्य स्वतः काढून, फाइलमधील एक अक्षर बदलून ते पुन्हा काढून पाहावे. कलमाचा हेतू त्या दोन आकड्यांत डोळ्यांना दिसतो.

राहिला प्रश्न वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या, पुट्टस्वामी प्रकरणातील २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालापासून सुरुवात करून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आणि नोव्हेंबर २०२५ चे नियम क्रमाने वाचावेत. या अधिनियमाची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होतात: डेटा संरक्षण मंडळाविषयीची तरतूद लगेच, संमती व्यवस्थापकांची (म्हणजे लोकांच्या वतीने संमती देण्या-काढण्याचे काम पाहणाऱ्यांची) एक वर्षाने आणि माहिती हाताळणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३अ (संवेदनशील माहिती जपण्यात हयगय करणाऱ्या कंपनीकडून भरपाई) रद्द करणारी तरतूदही याच शेवटच्या टप्प्यात आहे. म्हणून तो टप्पा येईपर्यंत ४३अ आणि संवेदनशील माहितीविषयीचे २०११ चे नियम यांची टिपणे वहीतून काढू नयेत. त्यांच्यासमोर ‘लागू’ असेच लिहावे आणि शेजारी पुढची तारीख पेन्सिलीने टाकून ठेवावी.